जिनिंगच्या खात्यातून पदवीच्या वर्गाकडे : बुलढाणा जिल्ह्यातील अर्धवेळ अभियांत्रिकी शिक्षणाची पूर्वपीठिका

बारावीनंतर सलग चार वर्षे महाविद्यालयात जाऊन अभियंता व्हायचे, ही वाट आज इतकी सवयीची झाली आहे की, दिवसभर यंत्रावर काम करून संध्याकाळी त्याच यंत्राचे शास्त्र शिकण्याची परंपरा तिच्याइतकीच प्रतिष्ठेची आणि काही ठिकाणी तिच्याहून जुनी आहे, याचा सहज विसर पडतो. लंडनमध्ये जॉर्ज बर्कबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८२३ साली कारागिरांसाठी संध्याकाळच्या व्याख्यानांची संस्था सुरू केली, तेव्हा शिकायला येणारा माणूस हा आधी कामगार आणि मग विद्यार्थी होता. बुलढाणा जिल्ह्यात वाफेची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि अभियांत्रिकीचे पदवी महाविद्यालय १९८३ साली आले. मधल्या शंभरएक वर्षांत ती यंत्रे ज्यांनी चालती ठेवली, त्या मिस्त्री आणि फिटर मंडळींना पदवीपर्यंत जाण्याचा मार्ग कोणता होता, हा प्रश्न जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात क्वचितच विचारला गेला आहे.

यंत्रे आली ती कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर साऱ्यांचे लक्ष गेले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली, पण कापसाची मोठी बाजारपेठ असलेले खामगाव मुख्य मार्गापासून बाजूला राहिले होते. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर राहिले. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते; ते १९०५ च्या फेररचनेत बुलढाण्याला जोडले गेले. व्होलकार्ट ब्रदर्स या स्विस कंपनीसारख्या निर्यातदारांनी इथे बस्तान बसवले आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे आणि रुईच्या गाठी बांधणारे कारखाने, गावाच्या कडेने उभे राहिले.

या कारखान्यांतील रोलर जिनकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण जिल्ह्यातील यंत्रविद्येची पहिली शाळा तीच होती. चामड्याच्या चकत्यांनी मढवलेला एक रूळ फिरत असतो आणि त्याला टेकून एक स्थिर पाते बसवलेले असते. रुईचे तंतू चामड्याच्या खरखरीत पृष्ठभागाला चिकटून पात्याखालून पलीकडे ओढले जातात, सरकी मात्र त्या फटीत मावत नाही, आणि वरखाली हलणारे दुसरे पाते तिला ठोकून तंतूपासून सोडवते. तत्त्व एवढे सोपे असले, तरी सारे कौशल्य मांडणीत असते. पाते रुळावर जास्त दाबले तर चामडे तापते आणि रुई करपण्याची भीती असते. पात्यांची मांडणी बिघडली तर सरकी फुटून तिचे तुकडे रुईत मिसळतात आणि मालाची प्रत घसरते. चामडे गुळगुळीत झाले की तंतू पकडलाच जात नाही, म्हणून त्यावर खाचा पुन्हा पाडाव्या लागतात. घर्षण, उष्णता, झीज आणि सहनमर्यादा, म्हणजे सुट्या भागाच्या मापात चालू शकणारा कमीअधिक फरक, हे यंत्र अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकातील विषय जिनवरच्या मिस्त्रीला हाताने, कानाने आणि वासाने कळत होते. हे ज्ञान खरे होते, कसाला उतरलेले होते. फक्त त्याला प्रमाणपत्र नव्हते आणि त्यामागचे गणित शिकवणारे कोणी जवळपास नव्हते.

गणित शिकवणारी संस्था होती, पण ती मुंबईत. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने कापडगिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवले आणि पुढे पदविकाधारक नोकरदारांसाठी अर्धवेळ पदवीचे वर्गही चालवले. या संस्थेला १९९७ साली वीरमाता जिजाबाईंचे नाव देण्यात आले, आणि जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यातच आहे. तरीही त्या अर्धवेळ वर्गांचा लाभ व्हायचा तो लोकलने माटुंग्याला पोहोचू शकणाऱ्यालाच. खामगावच्या फिटरला तिथे शिकायचे तर आधी खामगावची नोकरी सोडावी लागे, आणि नोकरी सोडल्यावर त्या शिक्षणाला अर्धवेळ म्हणण्यात काही अर्थ उरत नसे. विदर्भात नागपूरला १९१४ पासून अभियांत्रिकीचे शासकीय विद्यालय होते, अमरावतीला १९५५ साली तंत्रनिकेतन आणि १९६४ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. परंतु घर आणि रोजगार न सोडता शिकू पाहणाऱ्याला अमरावतीसुद्धा दूरच होती.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात विद्यावेतनावर शिकण्याची सोय झाली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने ती पदवी व पदविकाधारकांनाही लागू झाली. पदवीची पायरी मात्र या योजनांच्या पलीकडेच राहिली. ती ओलांडण्याचा एक मार्ग १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेने खुला ठेवला होता. तिच्या सहसदस्यत्वाची परीक्षा, जिला सर्वत्र ‘एएमआयई’ म्हणतात, ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन विभागांत घेतली जाई आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याला शासकीय नोकरीसाठी पदवीधर अभियंत्यासमान मानले जाई. तिला वर्ग नव्हता, हजेरी नव्हती. पुस्तके मिळवायची, पाळी संपल्यावर वाचायची आणि केंद्रावर जाऊन पेपर द्यायचा, असा हा एकट्याने चालण्याचा रस्ता होता. आडबाजूच्या जिल्ह्यांतील नोकरदारांवर या परीक्षेचे उपकार फार मोठे आहेत. प्रयोगशाळेविना अभियंता ही तिची उणीव होती हे खरे, पण दिवसभर चालू यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती उणीव कितपत मोजावी, याचा विचार पुरेसा झाला नाही. ३१ मे २०१३ नंतर नोंदणी करणाऱ्यांसाठी ही समकक्षता थांबली, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने परवानगीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर निर्बंध आणले. अभियांत्रिकी पत्राने शिकवता येत नाही हा विचार योग्यच होता. मात्र बंद झालेल्या वाटेच्या जागी दुसरी वाट लगेच झाली नाही.

दरम्यान, वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली त्याच १९८३ साली शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. खामगावच्या कारखान्यांपासून अगदी जवळ पदवीचे शिक्षण आले, ही जिल्ह्याच्या दृष्टीने मोठीच घटना होती. परंतु ते पूर्णवेळ होते आणि मिस्त्रीच्या मुलाला मिळालेली संधी मिस्त्रीला मिळाली नाही.

त्याच्या कामाचे स्वरूप मात्र बदलत होते. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला साहाय्य मिळाले; जिनला कापूस आपोआप पुरवणारे फीडर, हवेच्या दाबाने माल वाहणाऱ्या नळ्या आणि तेलाच्या दाबावर चालणारे प्रेस वापरात आले. अशा प्रेसचे नियंत्रण पीएलसीकडे असते, म्हणजे संवेदकांकडून आलेले संकेत वाचून, आधी भरलेल्या आज्ञावलीप्रमाणे झडपा आणि मोटारी चालवणाऱ्या छोट्या संगणकाकडे. यंत्ररचना, इलेक्ट्रॉनिकी आणि संगणकीय नियंत्रण यांच्या या मिलाफाला जपानच्या यास्कावा कंपनीतील अभियंता तेत्सुरो मोरी यांनी १९६९ साली मेकॅट्रॉनिक्स हे नाव दिले. तर माल कोणत्या क्रमाने, किती अचूक आणि किती खर्चात तयार करायचा याचे शास्त्र म्हणजे उत्पादन अभियांत्रिकी. जुन्या जिनचा बिघाड आवाजावरून ओळखणाऱ्या फिटरला आज्ञावलीतील चूक ऐकू येत नाही. त्याचा अनुभव निरुपयोगी ठरलेला नाही, पण आता तो अपुरा पडतो, आणि नेमके इथेच त्याला पदवीच्या पातळीचे शिक्षण हवे असते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदवी आणि पदविकेचे वर्ग चालवण्याची मुभा दिली आहे, आणि ती देताना विद्यार्थ्याचे कामाचे ठिकाण संस्थेच्या जवळपास असावे, हा विचार केला आहे. शेगाव, खामगाव, चिखली, मलकापूर अशा विखुरलेल्या गावांच्या या जिल्ह्याला तो विशेष लागू पडतो. मात्र मुंबई-पुण्याचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालणार नाही. वऱ्हाडात कापूस दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतो आणि पुढचे तीन-चार महिने जिनिंगमध्ये रात्रंदिवस पाळ्या चालतात, तर विद्यापीठांच्या हिवाळी परीक्षा याच हंगामाच्या तोंडाशी येतात. जिनमधल्या तंत्रज्ञाला खरोखर वर्गात आणायचे असेल, तर प्रयोगशाळेचे तास आणि परीक्षा उन्हाळ्याकडे, जिन थंड असतात आणि यंत्रे खोलून दुरुस्तीला काढलेली असतात त्या महिन्यांकडे, सरकवाव्या लागतील.