कोळ्याचं विष आणि व्हायोलिन

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टाचेकडे अपुलिया हा प्रांत आहे. तिथे काही शतकं एक विलक्षण उपचार चालत असे. जूनमध्ये, गव्हाच्या कापणीच्या दिवसांत, शेतावर राबणारी एखादी स्त्री अचानक कोसळे. तिला धाप लागे, पोटात कळा येत, ती कोणाशी बोलेनाशी होई. ‘तिला तारांतुला चावली’, असं घरचे म्हणत. तारांतुला हा तिथला एक मोठा कोळी. तो चावला की माणसाच्या अंगात शिरतो आणि त्याला नाचायला लावतो, अशी समजूत होती. त्यामुळे बोलावणं जाई ते वाजंत्र्यांना.

जमिनीवर पांढरी चादर अंथरत. व्हायोलिन आणि खंजिरी वाजवणारे एकेक चाल वाजवून पाहत. कोळ्याला ‘मानवणारी’ चाल सापडली की ती स्त्री आधी कोळ्यासारखी सरपटे, मग उठून तालावर फेर धरी. हे तासन्‌तास, कधी काही दिवस चाले. अखेर ती थकून शांत होई. पुढच्या जूनमध्ये मात्र त्रास बहुधा पुन्हा उद्भवे.

असं का होत असावं? अथानासिउस किर्खर या जेझुइट विद्वानाने 1641 साली याचं भौतिक स्पष्टीकरण दिलं. एक तार छेडली की त्याच सुरात लावलेली दुसरी तार आपोआप कंप पावते. तसंच योग्य सुरांनी शरीरातलं विष हलतं आणि नाचताना घामावाटे बाहेर पडतं, असं त्याचं म्हणणं. विचार तर्कशुद्ध होता. पण विष हेच कारण आहे का, हे तपासायचं राहून गेलं. नेपल्सचे वैद्य फ्रांचेस्को सेराओ यांनी 1742 मध्ये तीच शंका घेतली.

1959 च्या उन्हाळ्यात एर्नेस्तो दे मार्तिनो हे अभ्यासक मानसोपचारतज्ज्ञ आणि संगीततज्ज्ञ यांना बरोबर घेऊन तिथे गेले. हाच कोळी भूमध्य समुद्राभोवती इतरत्रही आढळतो, पण तिथे बहुतेक ठिकाणी लोक नाचत नाहीत. त्याच्या दंशाने सहसा फक्त दुखतं आणि सूज येते. त्याच भागातल्या दुसऱ्या एका काळ्या कोळ्याचा दंश जास्त त्रासदायक असतो. पण दर वर्षी नेमका जूनमध्ये उलटणारा त्रास त्यानेही समजत नाही. शिवाय गालातिना या गावाला सेंट पॉलचं संरक्षण आहे अशी श्रद्धा होती आणि त्या गावात हा आजार होत नाही असं मानलं जाई. विषाला गावाची शीव कशी कळणार?

रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मनाविरुद्ध लग्न, तुटलेलं प्रेम, घरातला मृत्यू, गरिबी अशी दुःखं त्यांच्या आयुष्यात होती आणि ती उघड बोलायची सोय नव्हती. कोळ्याच्या नावावर ती बाहेर पडत. चार लोक जमत आणि वर्षातून एकदा तरी तिच्याकडे लक्ष देत.

मग संगीताचं काम काय? ढोलाचा ठेका मेंदूच्या लहरींवर थेट परिणाम करतो, असं अँड्र्यू नेहर यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलं. जिल्बेर रूजे यांनी 1980 मधल्या ग्रंथात ते खोडून काढलं. ढोल तर सगळ्यांच्याच कानावर पडतो. अंगात मात्र मोजक्यांच्याच येतं. कोणाच्या, केव्हा आणि कसं, हे त्या समाजाच्या समजुतींनी ठरतं. संगीत त्या अवस्थेला वळण देतं आणि ती संपवण्याची वाटही देतं.

आपल्याकडे संबळाच्या ठेक्यावर अंगात येतं, तेव्हा विद्यार्थी विचारतात, ‘हे खरं की ढोंग?’ अपुलियाच्या उदाहरणावरून आपल्याला सांगता येईल की कोळी अंगात शिरत नव्हता, तरी त्या बाईचा त्रास खरा होता. नाचून तिला उतार पडे, पण त्रासाचं मूळ तसंच राही आणि वाजंत्र्यांचा खर्च गरीब घरावर पडे. म्हणून अंगात येणाऱ्या बाईला हसण्याआधी, किंवा तिच्या पाया पडण्याआधी, तिला काय सोसावं लागतं आहे याची चौकशी आपण करायला हवी. गरज असेल तर डॉक्टरही गाठायला हवा.