उघड्यावरचा भाव

टोकियोला निघालेल्या माणसाला पूर्वी एक सल्ला हमखास मिळत असे : एक दिवस झोपमोड करा आणि त्सुकिजीचा मासळी बाजार पाहून या. २००७ च्या मे महिन्यात मुलाकडे गेलो असताना मीही तो ऐकला आणि पहाटे पाचला आम्ही बाजारात हजर झालो. तिकडे मे महिन्यात तेव्हा चांगले उजाडलेले असते.

आत शिरल्यावर आधी जीव सांभाळावा लागला. टर्रेट नावाच्या चिमुकल्या तीनचाकी गाड्या खोकी लादून सुसाट धावत होत्या. जमीन ओली, सगळ्यांच्या पायात रबरी बूट. एवढ्या मासळीचा वास मात्र जवळजवळ नाही! लिलावाच्या दालनात गोठवलेले टूना मासे ओळीने जमिनीवर मांडलेले होते. प्रत्येकाची शेपटी कापलेली. गिऱ्हाइके हातात विजेरी घेऊन वाकत, कापलेल्या जागेचे मांस चिमटीत चोळून पाहत आणि काही न बोलता पुढे सरकत. मग घंटा वाजली, पुकारा करणारा एका लयीत ओरडू लागला आणि समोरचे लोक बोटांच्या खुणांनी भाव सांगू लागले. काही सेकंदांत एकेक मासा विकला जात होता.

बघणाऱ्याला हा तमाशाच वाटतो. मी इतिहास शिकवत आलो, म्हणून परतल्यावर त्याचे मूळ शोधू लागलो, आणि जे सापडले ते त्या पहाटेहूनही मोलाचे वाटले.

त्सुकिजीच्या आधी टोकियोचा मासळी बाजार निहोन्बाशी पुलाजवळ होता. तोकुगावा इएयासु १५९० मध्ये एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला आला. त्याने ओसाकाजवळच्या त्सुकुदा गावातले कोळी तिथे वसवले, किल्ल्याला मासळी पुरवून उरलेली ते विकू लागले आणि त्यातून हा बाजार उभा राहिला, असे सांगतात. तो जवळजवळ तीनशे वर्षे चालला. मोठे व्यापारी किनाऱ्यावरच्या गावांना आगाऊ पैसे देत, त्यामुळे मासळी त्यांच्याकडेच यायची. भाव आपसात ठरत.

हे वाचताना मला आमच्या आजोबांच्या गुळाची आठवण झाली. ते पेठेत गूळ घेऊन जात, तेव्हा अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करत. माल आजोबांचा, पण त्याचा भाव त्यांनाच शेवटी कळायचा! वडील ही गोष्ट सांगत, तेव्हा त्यांचा आवाज बदलत असे. आपल्याकडे शेतमालाच्या नियंत्रित बाजारांचा मुंबई प्रांताचा कायदा १९३९ साली झाला, तो अशाच व्यवहारांना आळा घालण्यासाठी.

जपानमध्ये हा बदल घडायला दंगली व्हाव्या लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तांदळाचे भाव भडकले होते. जुलै १९१८ मध्ये तोयामा प्रांतातल्या उओझु बंदरात कोळ्यांच्या बायका जमल्या आणि आमच्या गावचा तांदूळ बाहेर जाऊ देणार नाही म्हणून जहाजापाशी उभ्या राहिल्या. ती ठिणगी देशभर पसरली. शहरांत दंगली झाल्या, सैन्य बोलवावे लागले, सप्टेंबरमध्ये तेराउची मासाताके यांचे मंत्रिमंडळ गेले. अन्नाचा व्यापार थोड्या लोकांच्या मुठीत ठेवणे धोक्याचे आहे, हे सरकारला कळून चुकले. मार्च १९२३ मध्ये मध्यवर्ती घाऊक बाजारांचा कायदा आला. बाजार नगरपालिकेचा, आलेला माल नाकारायचा नाही, विक्री उघड लिलावाने, भाव जाहीर. मी गेलो तेव्हा मासळीवर घाऊक विक्रेत्याची अडत साडेपाच टक्के ठरलेली होती.

त्याच वर्षी १ सप्टेंबरच्या भूकंपात निहोन्बाशीचा बाजार नष्ट झाला. नौदलाच्या त्सुकिजीतल्या जागेत बाजार हलला आणि १९३५ मध्ये तिथे नवी इमारत सुरू झाली. मालगाड्यांचा रूळ वळवून आत आणता यावा म्हणून ती धनुष्यासारखी वाकवलेली होती.

ती इमारत आता नाही. एका जुन्या गॅस कारखान्याच्या जागी, तोयोसु इथे नवा बाजार बांधला. जमिनीतल्या दूषित द्रव्यांवरून वाद झाला, गव्हर्नर यूरिको कोइके यांनी नोव्हेंबर २०१६ चे स्थलांतर पुढे ढकलले आणि अखेर ११ ऑक्टोबर २०१८ ला तोयोसु सुरू झाले. तिथे लिलाव काचेआडूनही पाहता येतो. त्सुकिजीत बाहेरची दुकाने तेवढी राहिली.

जागा बदलल्याचे मला फारसे दुःख नाही. बाजार याआधीही हलला होता. चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बहुतेक मासळी आता लिलावात येतच नाही. मोठ्या दुकानांच्या साखळ्या भाव आधीच ठरवून माल उचलतात आणि २०२० पासून अमलात आलेल्या कायद्याने नियम आणखी सैल केले. यात वेळ वाचतो, माल ठरल्या वेळी पोहोचतो, हे खरेच. पण लांबच्या गावातून दोन खोकी मासळी पाठवणाऱ्या कोळ्याला, आज बाजारात काय भाव फुटला हे कळायचा आधार तो पुकाराच होता. उओझुच्या बायकांना लिलाव माहीत नव्हता, त्यांना घरात तांदूळ हवा होता. पण त्या बंदरावर उभ्या राहिल्या, म्हणून पुढे हा भाव चारचौघांत ओरडून सांगावा लागला.