मधुमेह आणि मातृत्व

आमच्या तळ्याकडे अद्यापि पुष्कळांचा असा समज आहे कीं, मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसांचा रोग. लावणी-कापणी करणाऱ्या काटक सुनेला तो कोठून होणार? मी शाळेंत इतिहास शिकवीत आलों. वैद्यकाचा अधिकार मला नाहीं. परंतु या समजुतीला आपल्या प्राचीन ग्रंथांचाहि आधार नाहीं, इतकें मी सांगूं शकतों. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मतः आलेला, ज्यांत रोगी कृश असतो व त्याला तहान फार लागते, दुसरा अपथ्यानें जडलेला, ज्यांत तो स्थूल असतो.

गर्भवतीच्या मधुमेहाची व्यवस्थित नोंद मात्र फार उशिरां झाली. १८२४ सालीं बर्लिन येथें हाइन्रिख बेनेविट्झ यानें वैद्यकाच्या पदवीसाठीं प्रबंध लिहिला. त्यांत पांचव्यांदा गरोदर असलेल्या एका तरुण स्त्रीची हकीकत आहे. कितीहि पाणी प्यालें तरी तिची तहान भागेना. लघवींत साखर जाऊं लागली. मूल जन्मास आलें तें १२ पौंडांचें; परंतु प्रसूतींतच दगावलें. पुढें आईची तहान शमली आणि लघवींतली साखरहि नाहींशी झाली. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें आहे.

त्यानंतरचीं शंभर वर्षें केवळ दुःखाचीं आहेत. मधुमेही स्त्रीला दिवस राहणें हेंच दुर्मिळ, आणि राहिले तर दोन जीवांवर संकट. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन मिळविलें, १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका १४ वर्षांच्या मुलास टोंचलें गेलें, आणि माता वाचूं लागल्या. मुलें मात्र पूर्वीसारखींच दगावत राहिलीं. बोस्टन येथें डॉ. प्रिसिला व्हाइट या विदुषीनें साखरेवर कडक नजर ठेवून व प्रसंगीं दिवस भरण्यापूर्वींच प्रसूति करवून पुष्कळ बालकें वाचविलीं.

पण मुलें दगावत कां? आणि आई खंगत असतां मूल १२ पौंडांचें कसें होई? याचा उलगडा पुढें कोपनहेगनचे डॉ. यॉर्गेन पेडरसन यांनीं केला. वरच्या खाचरांतलें पाणी बांधाच्या तोंडांतून खालच्या खाचरांत उतरतें, तशी आईच्या रक्तांतली साखर वारेंतून बाळाकडे जाते. आईचें इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाहीं. मग बाळाचें स्वादुपिंडच अहोरात्र राबून इन्सुलिन तयार करतें. त्यायोगें बाळाच्या अंगीं चरबी सांठते, आणि जन्मकाळीं त्याचे खांदे अडकतात. नाळ तोडली कीं साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाच्या रक्तांतलें इन्सुलिन तसेंच असतें; म्हणून गुटगुटीत दिसणारें मूल घटकाभरांत साखर उतरून निपचित पडूं शकतें. जन्मतांच त्याला अंगावर पाजण्याची घाई याच कारणानें करतात.

आतां आपल्या मुलुखाकडे येऊं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्यानजीकच्या खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास चालविला. तेथील बालकें सरासरी २.७ किलोंचीं, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोंचीं. आपलीं मुलें दिसावयास हडकुळीं. पण त्वचेखालील चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. किडकिडीत शरीरांतहि मधुमेहाचें बीज असूं शकतें, तें असें.

चेन्नईच्या डॉ. शेषय्या यांनीं परीक्षेची एक सोपी रीत रूढ केली. पोटीं अन्न असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून द्यावें आणि दोन तासांनीं रक्त पाहावें. १०० मिलिलिटरांत १४० मिलिग्रॅम किंवा अधिक साखर आढळल्यास तो गर्भकालीन मधुमेह. भारत सरकारच्या २०१४ व २०१८ च्या सूचनांत हीच रीत आहे. प्रथम दोन आठवडे आहारावरच भर. तेवढ्यानें न भागल्यास औषध वा इन्सुलिन. आहार म्हणजे उपासमार नव्हे. भाताची रास कमी करावी, उसळ, भाजी, मासळी वाढवावी, आणि थोडें थोडें पण वेळच्या वेळीं खावें. ‘दोन जिवांची आहे’ म्हणून लाडवांनीं ताट भरणाऱ्या सासूबाईंना हें पटविणें इन्सुलिनच्या शोधापेक्षां सोपें नाहीं!

एक अडचण आपल्या रीतीभातींत आहे. परीक्षा पहिल्या भेटींत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावयाची असते. नेमके तेच दिवस डोहाळजेवणाचे व माहेरीं जाण्याचे. सून तळ्याहून मुंबईस किंवा मुंबईहून तळ्यास जाते, कागद एका घरीं राहतात, आणि दोन्ही घरांना वाटतें कीं परीक्षा दुसऱ्यांनीं केली असेल. कागद तिच्याच पिशवींत असावेत.

आणि बेनेविट्झच्या त्या बाळंतिणीची साखर नाहींशी झाली होती, नव्हे? तशी ती बहुधा होतेच. पण पुष्कळजणींत कांहीं वर्षांनीं कायमची परततें. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं आईचें रक्त पुन्हा पाहावयाचें असतें. आपला सव्वा महिना त्याच सुमारास संपतो, आणि बाळाची लसहि तेव्हांच असते. बाळाला घेऊन दवाखान्यांत जावयाचेंच आहे. त्याच खेपेंत आईनेंहि हात पुढें करावा.