कान आणि पाटी

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पण पाटीवर पहिले अक्षर गिरवून देण्याचे काम घरोघर आपल्याच वाट्याला येते. म्हणून त्यामागचा थोडा इतिहास सांगते.

पूर्वी मुळाक्षरे व बाराखडी नुसती घोकून घेत. १९२६ साली गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि माँटेसरीबाईंची पद्धत आपल्याकडे रुजवली. तीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते व त्याच वेळी त्याचा उच्चार करते. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला, म्हणजे आजच्या आपल्याच जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी हे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या.

पुढे १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम शासनाने मान्य केले. उच्चारात न येणारे अनुस्वार गेले. लिहिणे कानाच्या जवळ आले. तरी सारेच कानावर सोपवता येत नाही. ‘मूल’ दीर्घ, पण ‘मुलाला’ ऱ्हस्व! आपल्या वसईकडे तर पुष्कळ घरांत ‘पानी’ म्हणतात आणि मूल तसेच लिहिते. त्याचा कान खोटा नाही, घरची बोलीही हलकी नाही. त्याला रागावू नये. आधी उच्चार ऐकवावा, अक्षर गिरवून घ्यावे, मग तोच शब्द पुस्तकात दाखवून पाटीवर लिहवून घ्यावा.

उच्चार आणि शुद्धलेखन जोडीने चालले, तर मूल लिहायला भिणार नाही. मंडळाच्या वर्धापनदिनी माझे एवढेच सांगणे.