‘कोरोमांडेल’ पडदा : एका व्यापारी संज्ञेची साक्ष

जुन्या वस्तूंच्या व्यापारातील संज्ञा इतिहासाचा पुरावा म्हणून स्वीकारताना ती मुळात कोणाच्या तोंडची, हे प्रथम पाहावे लागते. ‘कोरोमांडेल पडदा’ या नावाचे मूळ चोळमंडल किनाऱ्याकडे जाते. परंतु हे घडीचे पडदे घडले चीनमध्ये, विशेषतः खांगशी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२).

लाकडी फळ्यांवर मातीमिश्रित लेपाचे थर द्यावयाचे, त्यांवर गडद लॅकर चढवावयाचे, मग आकृतीच्या बाह्यरेषा राखून आतील भाग कोरून त्यात रंग भरावयाचे, अशी ही रीत. (हे लॅकर म्हणजे आपली लाख नव्हे. लाख कीटकजन्य, लॅकर हा वृक्षाचा चीक. शब्द मात्र ‘लाख’पासूनच निघालेला!) चिनी भाषेतील ‘ख्वानत्साय’ हे नाव या कोरीव रंगकामावरूनच पडले आहे.

युरोपीय नावे मात्र मालाच्या वाटेवरून पडली. स्टॉकर व पार्कर यांच्या १६८८ च्या इंग्रजी रोगणग्रंथात या कामास ‘बँटम काम’ म्हटले आहे. जावा बेटावरील बँटम येथील इंग्रजांची वखार १६८२ मध्येच उठली होती; बंदर हातचे गेले तरी शब्द टिकला. ‘कोरोमांडेल’ हे नाव पुढे रूढ झाले. जपानच्या ‘इमारी’ भांड्यांचीही तीच कथा: ती घडत आरिता येथे, इमारी हे केवळ निर्यातीचे बंदर.

व्यापाऱ्यापुढे निर्मितीची माहिती कधीच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. बारा फळ्यांच्या अनेक पडद्यांच्या पाठीवर दीर्घ अभिनंदनपर लेख कोरलेले असत. कोणाच्या वाढदिवसानिमित्त, कोणी आणि कोणत्या वर्षी भेट दिली, हे त्यांत सापडते. युरोपात हे पडदे कापून त्यांची कपाटे आणि आरशांच्या चौकटी केल्या गेल्या. चिनी लिपी न जाणणाऱ्या सुताराच्या दृष्टीने लेख म्हणजे नक्षीच. माणसे आणि झाडे उलटीसुलटी जोडली गेल्याबद्दल स्टॉकर व पार्कर यांनीच खरपूस उपहास केला आहे. लेखांच्या नाशाकडे मात्र आधुनिक अभ्यासकांचेच लक्ष गेले. अशा कपाटाच्या नोंदीत आज ‘कोरोमांडेल’ एवढाच शब्द उरतो. ज्या फळीवर वर्ष आणि दात्याचे नाव होते, ती बहुधा दुसऱ्याच कपाटात बसविलेली असते.