न दिलेल्या परीक्षेचे गुण

ऐन परीक्षेत विद्यार्थी आजारी पडला किंवा घरात मृत्यू झाला, तर त्याच्या गुणांचे काय करायचे? हा प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन वाटतो. परंतु न दिलेल्या परीक्षेचे गुण द्यायचे म्हणजे हा विद्यार्थी काय करू शकला असता, याचा निवाडा दुसऱ्याने करायचा. तो कशावरून करायचा? त्याने केलेल्या कामावरून, की तो जिथून आला त्या जागेवरून? या प्रश्नाचा इतिहास आपण तपासला पाहिजे.

ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये ‘एग्रोटॅट’ नावाची जुनी पद्धत होती. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘तो आजारी आहे’ असा. अंतिम परीक्षेला आजारी पडलेला विद्यार्थी एरवी उत्तीर्ण झाला असता अशी परीक्षकांची खात्री पटली, तर त्याला बहुधा श्रेणीविना पदवी मिळे. आधार त्याच्या स्वतःच्या अभ्यासाचा होता.

२०२० साली करोनाच्या साथीत महाराष्ट्रात दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. मंडळाने प्रत्येकाला त्याच्याच इतर पेपरांच्या सरासरीवरून गुण दिले. पद्धत ढोबळ होती. पण आश्रमशाळेतल्या मुलाला आणि शहरातल्या नामांकित शाळेतल्या मुलाला नियम एकच होता.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये शालान्त परीक्षाच झाल्या नाहीत. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अंदाजित श्रेणी कळवली. मात्र त्या श्रेणींना शाळेच्या मागील निकालांची कात्री लावण्यात आली. ४ ऑगस्टला स्कॉटलंडचा निकाल लागला. ‘हायर’ परीक्षेत सर्वांत वंचित वस्त्यांतील मुलांचे उत्तीर्णतेचे प्रमाण शिक्षकांच्या अंदाजापेक्षा १५.२ टक्क्यांनी खाली आणले गेले होते. सर्वांत संपन्न वस्त्यांत ही घट ६.९ टक्क्यांची होती. १३ ऑगस्टला इंग्लंडमध्ये ‘ए-लेव्हल’च्या सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी दिल्या त्याहून खाली आल्या. अगदी लहान वर्गांत मात्र शिक्षकांचा शब्द प्रमाण मानला गेला, आणि असे वर्ग भरमसाट फी घेणाऱ्या खाजगी शाळांत अधिक होते. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ११ ऑगस्टला स्कॉटलंडने आणि १७ ऑगस्टला इंग्लंडने माघार घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्या.

हा न्याय आपल्याला परका नाही. ज्या वस्तीतून आजवर कोणी पुढे आले नाही तिथून यापुढेही येणार नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. गणिताच्या सूत्रात बसवले म्हणून ते शास्त्र ठरत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हते. घराच्या मागील निकालावरून माझे गुण ठरवले असते, तर आज मी फळ्यासमोर उभा नसतो.

दुसरी बाब दाखल्याची. आजाराला डॉक्टरचा दाखला मिळतो. पण आईबाप ऊसतोडीला गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळून परीक्षेला बसणाऱ्या मुलीने कोणाचा दाखला आणावा? अचानक आलेल्या आपत्तीसाठी अर्जाचा नमुना आहे. रोजच्या आपत्तीसाठी तो कोणी छापलेला नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हेच बजावले होते की, शिक्षण आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्जाच्या नावाखाली परीक्षा अवघड करून मागास समाजाला विद्यापीठाबाहेर ठेवले जात आहे.

तेव्हा सवलत म्हणजे दया नव्हे, ती मूल्यमापनाची जबाबदारी आहे. आपण शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या कामाची नोंद नीट ठेवली पाहिजे. संकटाच्या दिवशी त्याच्या बाजूने बोलायला त्याचेच काम हाताशी असावे. आणि कार्यकर्त्यांनी अशा विद्यार्थ्याबरोबर अर्ज घेऊन कार्यालयाच्या खिडकीपर्यंत जावे. नियम काय आहे हे तिथे आपणहून कोणी सांगत नाही.