कात्रजचा उतार आणि उसने ब्रेक

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या मोटारीचा पहिला कस कात्रजला लागतो. गावामागून घाट चढायचा, ब्रिटिश काळात खोदलेल्या बोगद्यातून पलीकडे जायचे आणि वळणावळणाने शिंदेवाडीकडे उतरायचे, हा मार्ग कित्येक दशके पुणे-बंगळूर महामार्गाचाच भाग होता. चढावर इंजिन तापते आणि रेडिएटर उकळला तर गाडी कडेला घेता येते. उतारावर तापतात ते ब्रेक, आणि ते लक्षात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. जुन्या मोटारींना दुसऱ्या मॉडेलचे मोठे किंवा नव्या धाटणीचे ब्रेक कमी खर्चात बसवण्याची जी रीत गॅरेजांमध्ये रुळली, तिच्यामागे असे घाट होते आणि तितकीच सुट्या भागांची टंचाईही होती.

एक टन वजनाची मोटार १०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ९.८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. गिअर न्यूट्रलला टाकून गाडी केवळ ब्रेकवर उतरवली, तर यातली बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. जुन्या मोटारींत चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या ड्रमला आतून शू दाबले जात. अशा चारही ड्रमांचे बीड मिळून २० किलो धरले आणि वाऱ्याने काहीच उष्णता नेली नाही असे मानले, तर तापमान शंभराहून अधिक अंशांनी चढेल. वारा थोडी उष्णता नेतो हे खरे, पण ड्रमची रचनाच बंद असल्यामुळे आतल्या शूपर्यंत तो पोचत नाही. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर सरतो आणि पेडल खाली जाऊ लागते. लायनरची पकड सुटते. ब्रेक ऑइलने हवेतला ओलावा शोषलेला असेल तर आणखी वाईट: डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शिरल्यावर मात्र १४० अंश चालतो. ऑइल उकळून नळीत वाफ झाली की पेडल दाबून ती वाफच दाबली जाते, चाकापर्यंत दाब पोचत नाही.

याउलट डिस्क ब्रेकची रचना उघडी असते: चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. ती लवकर निवते आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. १९५३ साली ल मां येथील शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली आणि १९५५ च्या सित्रोएन डीएस या मोटारीने ते सामान्य ग्राहकापर्यंत नेले. भारतात त्या वेळी वेगळेच चित्र होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडत होती. पुढे तीच नाव बदलून प्रीमियर पद्मिनी झाली आणि शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. तिच्या चारही चाकांना ड्रम होते. सपाट रस्त्यावर ते पुरत. महाबळेश्वरला सहकुटुंब निघालेल्या भरल्या गाडीला मात्र कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट एकाच दिवसात ओलांडावे लागत.

नव्या मोटारीसाठी तेव्हा वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. आयात जवळपास बंद होती, म्हणून असलेली गाडीच सुधारून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुण्यात नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने आणि मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचे भंगार मार्केट यांवर ही सुधारणा चाले. अपघातात पुढून चेपलेल्या गाडीचा मागचा अॅक्सल शाबूत असे, मागून ठोकलेल्या गाडीचे पुढचे हब चालत. कोणत्या गाडीचा कोणता भाग कुठे बसतो हे ज्ञान छापील नव्हते. ते मिस्त्री आणि टर्नर यांच्या डोक्यात होते आणि हाताखालच्या पोराकडे तसेच उतरे.

हा उद्योग सगळ्यात चांगला जमला तो जीपमध्ये. महिंद्राने १९४७ नंतर मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली आणि तिचा मूळ आराखडा दशकानुदशके फारसा बदलला नाही. महायुद्धकाळातल्या जीपला ९ इंची ड्रम होते. ओले झाले की ते जवळजवळ निकामी होत. पेडलचा दाब ऑइलवर देणारा मास्टर सिलिंडर एकच आणि त्याला सर्किटही एकच, म्हणजे एका चाकाची नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकेत जुन्या जीपवर नंतरच्या जीपचे ११ इंची ड्रम चढवण्याची प्रथा पडली. भारतातही नव्या मॉडेलचे भाग जुन्या जीपला घालण्याचा मार्ग मोकळा होता, कारण दोन्ही एकाच घराण्यातल्या. मोठा ड्रम म्हणजे लांब तरफ, लायनरचे जास्त क्षेत्रफळ आणि उष्णता सामावायला जास्त बीड. त्याच्या जोडीला दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर घातला, तर ही सुधारणा डिस्कपेक्षा स्वस्त आणि कमी कटकटीची ठरे. डिस्कच्या मोहात ती अनेकदा विसरली गेली.

१९८०च्या दशकात मारुतीच्या मोटारी आल्या आणि पुढच्या चाकांना डिस्क हे समीकरण सर्वसामान्य झाले. १९८५ साली प्रीमियरनेच ११८ एनई काढली, तिलाही पुढे डिस्क होत्या. पद्मिनीवाल्यांची नजर तिकडे जाणे साहजिकच होते. परंतु कंपनी एक असली तरी घराणी दोन: पद्मिनी फियाट ११०० ची, तर ११८ एनई फियाट १२४ च्या वळणाची. त्यामुळे नुसते बोल्ट काढून बोल्ट लावण्याचे हे काम नव्हते. हबचा व्यास, बेअरिंगची बैठक, पॅड दाबणारा कॅलिपर धरणारा ब्रॅकेट, रिमच्या आत कॅलिपरला मोकळी जागा, सगळे लेथवर जुळवावे लागे.

त्याहून नाजूक हिशेब दाबाचा. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो आणि पायाला आयती मदत करतो. डिस्कमध्ये ही मदत नाही, म्हणून बूस्टर नसेल तर पेडल जड लागते. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइलही जास्त लागते. जुना मास्टर सिलिंडर बारीक बोअरचा असेल तर पेडल फळीला टेकते. ड्रमच्या नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप डिस्कच्या नळीत तशीच राहिली तर पॅड सतत घासत राहतात. पुढे-मागे ब्रेकची वाटणी बिघडली आणि मागची चाके आधी अडली, तर ओल्या वळणावर गाडी फिरते. म्हणजे उसना घ्यायचा तो पूर्ण संच. नुसती डिस्क आणून लावली की जुन्या दोषात नव्याची भर पडे. स्वस्तात काम उरकणारी गॅरेजे नेमकी इथेच चुकत.

एवढे करूनही उताराचा प्रश्न भागांनी पुरता सुटत नाही. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातला जुना नियम पाळला तर वर मोजलेल्या उष्णतेचा मोठा वाटा इंजिन घेते. तो मोडल्यावर काय होते ते कात्रजच्याच दुसऱ्या बाजूला दिसते. नव्या बोगद्यातून महामार्ग जांभूळवाडी, नऱ्हेमार्गे नवले पुलाकडे सुमारे ८ किलोमीटर उतरतो. वळणे सौम्य असल्याने हा उतार घाट वाटतच नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे एका ट्रकने डझनावारी वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाल्याचे आधी सांगितले गेले. तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पुढे आले. इंजिन थांबले की एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो, आणि प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा संपत जाते.

उसन्या ब्रेकांना कायद्यानेही मर्यादा आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे लावले. ब्रेकच्या चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. भंगारातून जुळवलेला एकुलता एक संच घेऊन तिच्याकडे जाणे मात्र कोणाला परवडत नाही. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. अशा गाडीत हब बदलायचा तर चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आणि संगणकाचा हिशेबही जुळवावा लागतो. त्यामुळे हे काम आता मुख्यतः जुन्या जीप आणि हौसेने जपलेल्या पद्मिनी यांच्यापुरते उरले आहे.